हवापाणी : अमोनियाचा हिरवा आकडा



गेल्या महिन्यात या सदरात थंडीतल्या धुरक्याबद्दल लिहिलं होतं. ते वाचून मांजलपूरहून कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं, "हवेचं ॲप उघडलं की पीएम २.५, पीएम १०, ओझोन यांच्या रांगेत एनएच३ असंही दिसतं. पीएम २.५ लाल झाला तरी एनएच३ बिचारा हिरवाच. मग तो त्या यादीत आहे कशाला? आणि आमचे आजोबा म्हणतात, अमोनिया गळला की लोक घरदार सोडून पळतात. तर मग तो हिरवा कसा?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींचं उत्तर देताना एक गोष्ट लक्षात येते. अमोनिया आपल्याला दोन तऱ्हांनी भेटतो. एकदा अचानक, डोळे चुरचुरवत, रुग्णवाहिकेच्या आवाजासह. आणि एरवी रोज, वासही न येता. पहिल्या भेटीसाठी आपल्याकडे बरेच कायदे आहेत. दुसऱ्या भेटीसाठी एक आकडा आहे. तो आकडा हिरवा दिसतो, म्हणून आपण निश्चिंत असतो. आजचा लेख त्या निश्चिंतीबद्दल.

आधी थोडी ओळख

नायट्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन, एवढाच अमोनियाचा संसार. रंग नाही, वास मात्र झणझणीत. सार्वजनिक मुतारीजवळून जाताना नाकाला बसतो तो हाच. केसांच्या कलपाच्या डब्यावर 'अमोनिया-फ्री' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ते याच वासामुळे.

हवेत नायट्रोजन ७८ टक्के आहे, पण बहुतेक पिकांना तो तसाच्या तसा घेता येत नाही. १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हेबर यांनी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा मोठ्या दाबाखाली संयोग करून अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉश यांनी ते काम कारखान्याच्या आकारात नेलं आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ इथे पहिला कारखाना सुरू झाला. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं अन्न या खटपटीवर उभं आहे असा अंदाज सांगितला जातो. अमोनियापासून युरिया, युरियापासून गहू-भात, आणि तिथून आपलं ताट.

बडोद्याच्या मराठी घरांना हे परकं नाही. फर्टिलायझरनगर हे नावच खताच्या कारखान्यावरून पडलेलं. गोव्यात सांकवाळला खताचा कारखाना आहे, मुंबईत चेंबूरला आणि अलिबागजवळ थळला आहे. आपल्यातल्या कितीतरी काकांनी, आजोबांनी अशा कारखान्यांच्या पाळ्या केल्या आणि त्या पगारावर पुढची पिढी शिकली. त्यामुळे अमोनियाला सरसकट खलनायक ठरवून भागणार नाही. तो कुठे असावा आणि कुठे नसावा, हा प्रश्न आहे.

अचानक भेटणारा अमोनिया

जानेवारी २०१८ मध्ये गोव्यात वास्कोजवळ चिखली इथे अमोनिया घेऊन जाणारा टँकर रात्री रस्त्यावर उलटला. वायू पसरू लागला आणि शेकडो रहिवाशांना झोपेतून उठवून दुसरीकडे हलवावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळ एन्नोर इथे समुद्राखालून जाणाऱ्या नळातून अमोनिया गळला. किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतले लोक रात्रीच रस्त्यावर आले, श्वासाच्या त्रासाने अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं.

हा धोका फक्त खतकारखान्यांच्या शेजाऱ्यांना आहे असं मात्र नाही. बर्फाचे कारखाने, बटाट्याची शीतगृहं, दूध डेअऱ्या, मासळी गोठवण्याचे कारखाने या सगळ्यांत थंडावा निर्माण करण्यासाठी अमोनिया वापरतात. तो स्वस्त आहे, कामाला चोख आहे आणि ओझोनच्या थराला धक्का लावत नाही. म्हणजे ग्वाल्हेरच्या शीतगृहापासून गोव्याच्या मासळी-बर्फापर्यंत तो आपल्या शेजारी आहे.

अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, तेव्हा गळला तरी वर निघून जाईल, असं पुस्तक वाचून वाटतं. कारखान्यात तो द्रवरूपात, दाबाखाली किंवा उणे ३३ अंशांच्या आसपास थंड करून ठेवलेला असतो. तसा द्रव एकदम बाहेर पडला की आजूबाजूची हवा गार होते, तिच्यातलं बाष्प गोठतं आणि पांढरं धुकं जमिनीलगत सरपटत पसरतं. अशा वेळी 'हलका वायू' हे पुस्तकातलं वाक्य धरून तिथेच थांबणं जिवावर बेतू शकतं.

या प्रकारच्या अमोनियासाठी आपल्याकडे कायद्यांची चांगली जाड फाईल आहे. भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयात यांचे नियम झाले, आणि त्या यादीत अमोनिया आहे. ठरावीक साठ्याच्या वर अमोनिया ठेवणाऱ्याला सुरक्षा अहवाल द्यावा लागतो, कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडा ठेवावा लागतो. बाहेरच्या परिसराचा आराखडा सरकारी यंत्रणेने करायचा असतो. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमायला सांगितलं. कामगारांसाठी कारखाना कायद्याने मर्यादा घालून दिली : आठ तासांच्या पाळीत सरासरी २५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग, आणि थोड्या वेळापुरते ३५.

या नियमांतला एक मुद्दा फार कमी लोकांना ठाऊक असतो. अपघात झाला तर ज्यांना झळ पोचू शकते त्या शेजाऱ्यांना, धोका कशाचा आहे आणि त्या वेळी काय करायचं, हे आधीच सांगणं कारखानेदारावर बंधनकारक आहे. तुमच्या सोसायटीजवळ मोठं शीतगृह किंवा रासायनिक कारखाना असेल तर अशी माहिती कधी आली होती का, हे सोसायटीच्या सभेत विचारायला काहीच हरकत नाही. पाण्याच्या टाकीवरून तासभर वाद घालणाऱ्या सभेला दहा मिनिटं याच्यासाठी नक्की मिळतील.

आणि चुकून वेळ आलीच तर एवढं लक्षात ठेवा. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो. रुमाल, ओढणी, टॉवेल जे हाताशी असेल ते ओलं करून नाकातोंडावर धरा. ढगाच्या पुढे पुढे, म्हणजे वारा जातोय त्याच दिशेला, धावू नका. वाऱ्याला आडवं होऊन बाजूला निघा. बाहेर पडणं शक्य नसेल तर दारं-खिडक्या लावून फटींना ओले कपडे लावा आणि एसी, पंखे, एक्झॉस्ट बंद करा. डोळ्यांत गेला तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. चोळू नका. ११२ ला फोन करा. व्हिडिओ काढायला जाऊ नका, हे वेगळं सांगायला नकोच.

रोजचा अमोनिया आणि ४०० चा आकडा

आता ॲपवरच्या हिरव्या ठिपक्याकडे येऊ.

नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशाच्या हवेसाठी बारा घटकांची मानकं जाहीर केली. त्यात अमोनिया आहे. चोवीस तासांची सरासरी ४०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत आणि वर्षाची सरासरी १०० च्या आत असावी, असं ते मानक सांगतं. पुढे हवेचा निर्देशांक ठरवला तेव्हा त्यातल्या आठ घटकांतही अमोनिया घेतला गेला. २०० पर्यंत 'चांगली', ४०० पर्यंत 'समाधानकारक', ८०० पर्यंत 'मध्यम', अशी ती शिडी चढत जाते आणि १८०० च्या वर 'गंभीर' होते.

तेव्हा यादीत अमोनिया आहे याचं थोडं कौतुकही करायला हवं. अमेरिकेच्या बाहेरच्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत अमोनिया नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या हवेच्या मार्गदर्शक आकड्यांतही त्याला जागा नाही.

पण ४०० म्हणजे किती? पीपीएममध्ये मांडलं तर साधारण ०.५७. कामगारांसाठीची मर्यादा आहे २५ पीपीएम, म्हणजे याच्या चाळीस पटींहून जास्त. अनेकांच्या नाकाला वास कळायला लागतो तो पाच पीपीएमच्या आसपास. याचा अर्थ असा की हवा मानकाच्या काठावर असली, इतकंच काय दुपटीने वर गेली, तरी तुम्हाला वास येणार नाही. एन्नोरला गळतीनंतर तमिळनाडूच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याच्या फाटकाशी २०९० मायक्रोग्रॅमची नोंद घेतली होती. ती सुद्धा जेमतेम तीन पीपीएम. तेव्हा 'वास नाही म्हणजे अमोनिया नाही' हे समीकरण सोडून द्या.

आपल्या बहुतेक शहरांत रोजचा अमोनिया या ४०० च्या बराच खाली असतो. निर्देशांक काढताना सगळ्यांत वाईट घटकाचा आकडाच अख्ख्या हवेचा आकडा म्हणून धरला जातो. हिवाळ्यात तो मान बहुधा पीएम २.५ कडे जातो. अमोनिया मागच्या बाकावर शांत बसलेल्या मुलासारखा : उपस्थिती लागते, नाव कधी पुकारलं जात नाही.

आणि गंमत ही, की पुढच्या बाकावरच्या पीएम २.५ ला बरीच उत्तरं हाच पुरवत असतो.

कल्हईवाल्याचा पांढरा धूर

हे समजायला प्रयोगशाळा नको. घरातल्या आजीला विचारा, कल्हईवाला कसा यायचा.

भट्टीवर पातेलं लालबुंद तापवायचं, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने चिमूटभर नवसागर टाकून झरकन पुसायचं. त्या क्षणी पांढऱ्या धुराचा एक लोट उठायचा आणि नाकात झिणझिण्या यायच्या. मुलं त्या धुरासाठीच भोवती उभी राहायची.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. तापलेल्या भांड्यावर पडताच त्याचे दोन वायू होतात : अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड. दोन्ही बिनरंगी. पण जरा वर, थंड हवेत गेले की ते पुन्हा एकमेकांना भेटतात आणि घनरूप होतात. तो पांढरा धूर म्हणजे नवसागराचेच अतिसूक्ष्म कण. दोन न दिसणारे वायू, आणि त्यांच्यातून दिसणारी धूळ.

शहराच्या हवेत हेच रोज घडतं, फक्त भट्टी न पेटवता. कोळशाच्या वीजकेंद्रांतून आणि कारखान्यांतून सल्फर डायऑक्साईड निघतो, त्याचं हवेत सल्फ्युरिक आम्ल होतं. गाड्यांतून नायट्रोजनची ऑक्साईडं निघतात, त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. या आम्लांना जोडीदार लागतो तो अमोनिया. दोघे मिळाले की अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट असे कण तयार होतात. ते इतके बारीक असतात की पीएम २.५ मध्येच मोजले जातात आणि फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. दिल्लीच्या हिवाळ्यात तर कचरा आणि प्लास्टिक जाळण्यातून आलेल्या क्लोराईडशी जुळून थेट नवसागरही बनतो.

अमोनियम नायट्रेटचा स्वभावही लक्षात घ्या. उन्हाळ्यात तो टिकत नाही, परत वायू होऊन जातो. थंड, दमट रात्री मात्र कण म्हणून ठाण मांडतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरवर जो दुधट पडदा दिसतो, त्यातला काही भाग असा बनतो. शिवाय अमोनिया वायू म्हणून फार दूर जात नाही, काही तासांत किंवा दिवसात जमिनीवर उतरतो. कणांत शिरला की मात्र शेकडो किलोमीटरचा प्रवास करतो. त्यामुळे शहरात मोजलेला धुरळा हा नेहमी त्या शहराचाच असतो असं नाही.

आता मांजलपूरच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होतं. एनएच३ हिरवा दिसतो कारण वायूरूपात उरलेलाच तिथे मोजला जातो. जो आम्लांशी जुळून कण झाला तो पीएम २.५ च्या लाल आकड्यात गेलेला असतो.

येतो कुठून?

कारखान्यांकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण रोजच्या अमोनियाचा मोठा वाटा शेत आणि गोठा यांतून येतो. गटारं, कचराडेपो, वाहनं यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. उपग्रहांवरून पृथ्वीवरचा अमोनिया मोजतात तेव्हा जगातल्या सगळ्यांत ठळक डागांपैकी एक आपल्या गंगेच्या मैदानावर दिसतो.

युरियाचा हिशेब पाहा. भारतात वर्षाला साडेतीनशे लाख टनांहून जास्त युरिया वापरला जातो. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे २१ किलो. शेतकऱ्याला ती गोणी २४२ रुपयांना मिळते, कडुनिंबाच्या लेपाचा आणि कराचा खर्च वेगळा. बाकीचा भार सरकार उचलतं. युरिया ओल्या मातीवर पडला की मातीतलं युरिएज नावाचं विकर त्याचं अमोनियात रूपांतर करतं. दाणे मातीच्या वरच राहिले, ऊन तापलं आणि जमीन विम्लधर्मी असली, तर त्यातला चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, हवेत उडून जातो. आपल्या दख्खनची, माळव्याची, मध्य गुजरातची काळी जमीन बहुतेक ठिकाणी विम्लधर्मीच आहे. म्हणजे एका गोणीमागे पाच किलो नायट्रोजन पिकाला न मिळता वाऱ्यावर. शेतकऱ्याचे पैसे, सरकारचं अनुदान आणि तो बनवायला जाळलेला नैसर्गिक वायू, तिन्ही एकदम.

२०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाचा लेप देऊन विकला जातो. त्याचा उपयोग आहे; अमोनियाचं नायट्रेट होण्याचा वेग तो मंद करतो, आणि युरियाची दुसरीकडे होणारी पळवापळवीही अवघड झाली. पण हवेत उडणाऱ्या अमोनियाला तो लेप अडवत नाही. त्यासाठी युरिएजला रोखणारा वेगळा पदार्थ लागतो, किंवा मग साधी गोष्ट : दाणे मातीखाली जाणं.

एक छोटा प्रवाह आपल्या गाड्यांतूनही आहे. पेट्रोल पंपावर निळ्या कॅनमधून डीईएफ विकतात, ते म्हणजे पाण्यात विरघळवलेला युरिया. नव्या डिझेल ट्रकांत तो धुरातल्या नायट्रोजन ऑक्साईडांना निष्प्रभ करतो. मात्रा जास्त झाली तर थोडा अमोनिया नळीतून बाहेर निसटतो. म्हणून भारत स्टेज ६ मध्ये अवजड डिझेल इंजिनांच्या चाचणीत अमोनियाची सरासरी १० पीपीएमच्या आत ठेवण्याची अट आहे.

इथे थोडं थांबून पाहा. ट्रकच्या नळीला मर्यादा आहे. कामगाराच्या पाळीला मर्यादा आहे. खतकारखान्याच्या सांडपाण्यातल्या अमोनियाला मर्यादा आहे. डेअऱ्या आणि गोशाळांसाठी केंद्रीय मंडळाने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पण जिथून सर्वाधिक अमोनिया निघतो त्या शेतासाठी हवेच्या कायद्यात जवळपास काहीच नाही. हवेत आकडा मोजायचा, पण तो कमी करण्याची जबाबदारी कुणाची, हे रिकामंच.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद ही आपली शहरं आहेत. तिथली प्रगती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे जाड धुळीवर मोजली जाते. रस्ते झाडणं, पाणी मारणं, बांधकामं झाकणं याने ती धूळ कमी होते. हवेतच जन्मणारे हे बारीक कण झाडूच्या टप्प्यात येत नाहीत.

युरोपने काय केलं, आणि काय अंगाशी आलं

युरोपने दुसरा रस्ता धरला. हवेत किती आहे यापेक्षा देशातून वर्षाला एकूण किती निघतो, यावर बंधन. १९९९ च्या गोथेनबर्ग करारात अमोनियाला सल्फरच्या बरोबरीने बसवलं. २०१६ च्या निर्देशानुसार युरोपीय संघाला २००५ च्या तुलनेत २०३० पासून अमोनिया १९ टक्क्यांनी कमी करायचा आहे. जर्मनीत २०२० पासून युरिया टाकायचा तर एक तर त्यात युरिएजरोधक हवा, नाहीतर चार तासांच्या आत तो मातीत मिसळायला हवा.

तिथे निसर्गासाठीचे आकडेही वेगळे आहेत. दगडफूल आणि शेवाळ यांना वर्षाच्या सरासरीने १ मायक्रोग्रॅम, इतर वनस्पतींना ३, याच्यावर अमोनिया गेला तर इजा होऊ लागते असं त्यांचे शास्त्रज्ञ धरतात. आपली वार्षिक मर्यादा १००. हा फरक चुकीने पडलेला नाही. आपलं मानक माणसाच्या नाक-घशासाठी आहे, त्यांचे हे आकडे रानासाठी आहेत. पण सह्याद्रीच्या सड्यांवरच्या आणि पश्चिम घाटातल्या दगडफुलांना कोणता आकडा लागू करायचा, हे आपण अजून ठरवलेलं नाही.

युरोपचा रस्ता गुळगुळीतही नव्हता. नेदरलँड्समध्ये मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजनची सरकारी योजना अपुरी ठरवून रद्द केली. हजारो बांधकामं अडली. महामार्गावरचा दिवसाचा वेग ताशी १०० किलोमीटरवर आणावा लागला. गाई-डुकरांची संख्या घटवण्याची भाषा सुरू होताच शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगच्या रस्त्यांवर उतरले. मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत त्यांच्या बाजूने उभा राहिलेला नवा पक्ष सर्वांत मोठा ठरला.

आपल्याला यातून दोन्ही धडे आहेत. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं की शेवटी न्यायालयाची कुऱ्हाड पडते, आणि ती शेतकऱ्याच्या डोक्यावर पडली की तो गप्प बसत नाही. आपल्या दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला तर अशी कुऱ्हाड सोसणारच नाही.

मग आपल्याकडे?

सुदैवाने या प्रश्नात शेतकऱ्याचा फायदा आणि हवेचा फायदा एकाच दिशेला आहेत. उडालेला अमोनिया हे उडालेलं खत आहे. म्हणून इथे शिक्षेपेक्षा सोय जास्त कामाची.

उदाहरण लांब शोधायला नको. कोकणात भातासाठी 'चारसूत्री' पद्धत बरीच वर्षं शिकवली जाते. तिचं चौथं सूत्र म्हणजे युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे दाबून बनवलेली गोळी. भाताच्या चार चुडांच्या मध्ये एक गोळी, ७ ते १० सेंटीमीटर खोल चिखलात खोचायची. खत कमी लागतं, उत्पन्न वाढतं आणि अमोनिया चिखलातच अडकतो. अडचण एकच : गोळ्या हाताने खोचायला माणसं लागतात, आणि वेळेवर गोळ्या मिळायला लागतात. कोरडवाहू पिकात युरिया देऊन लगेच कोळपणी केली, किंवा पाठोपाठ हलकं पाणी दिलं, तरी दाणे मातीत उतरतात. एकदम सगळा न देता दोन-तीन हप्त्यांत दिला तर पीक तो उचलतं. शेणखताचा ढीग उन्हात उघडा न ठेवता झाकला, शेण गोबरगॅसमध्ये घातलं आणि त्याची मळी पसरून न टाकता मातीत मिसळली, की गोठ्याचाही वाटा कमी होतो.

हे सगळं शेतकऱ्याला माहीत नसतं असं अजिबात नाही. पण स्वस्त गोणी फेकून मोकळं होणं आणि महाग मजुरी देऊन ती पेरणं, यात निवड करायची वेळ येते तेव्हा पहिली जिंकते. गोणीवर इतकं अनुदान देणारं सरकार त्यातला थोडा भाग ती मातीखाली नेणाऱ्या अवजारावर, गोळीवर, युरिएजरोधकावर देऊ शकेल का, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे. तुमच्यापैकी जे कृषी, रसायन किंवा यंत्र अभियांत्रिकी शिकत आहेत त्यांच्यासाठी इथे कामाचा ढीग पडलेला आहे : दोन एकरवाल्याला परवडेल असं खत पेरणी यंत्र, गावपातळीवर बसेल असं स्वस्त अमोनिया मापक.

आणि शहरात राहणाऱ्यांनी निदान एवढं करावं. ॲपवर एनएच३ चा आकडा पीएम २.५ च्या शेजारी ठेवून आठवडाभर वहीत लिहून पाहावा, एकदा थंडीत आणि एकदा उन्हाळ्यात. दोन पानं शेजारी ठेवली की कणांचा आकडा ऋतूबरोबर किती बदलतो ते दिसेल. आपल्या शहराच्या स्वच्छ हवा आराखड्यात अमोनियाचा उल्लेख आहे का, हे महापालिकेला विचारावं. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे.

जाता जाता घरातली एक सूचना. संडास-बाथरूम धुताना ब्लीच वापरत असाल तर अमोनिया असलेलं कोणतंही काच-पुसणं त्याच्याबरोबर वापरू नका. दोन्ही मिळून क्लोरामाईन नावाचे विषारी वायू होतात. मुतारीत साचलेल्या लघवीवर थेट ब्लीच ओतलं तरी तेच होतं. आधी भरपूर पाणी, मग ब्लीच, खिडकी उघडी. 'दोन औषधं मिसळली की जास्त स्वच्छ' हा समज अनेक घरांत आहे; कामाला येणाऱ्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा, कारण कोंदट बाथरूममध्ये बहुधा त्याच असतात.

पुढच्या महिन्यात विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटबद्दल बोलू. तोही याच घराण्यातला, फक्त हवेऐवजी जमिनीत उतरलेला. तुमच्या गावाकडच्या विहिरीचं पाणी कधी तपासलं असेल तर तो अहवाल संपादकांकडे जरूर पाठवा. आणि वहीतली ती दोन पानंही. मांजलपूरहून पहिलं पान येईल अशी माझी खात्री आहे.